मत कोणाचं, पैसा कोणाचा

पौष वद्य पंचमीच्या सकाळी तंजावरजवळच्या तिरुवैयारुला कावेरीकाठच्या मांडवात शेकडो गायक-वादक समोरासमोर बसतात आणि संत त्यागराजांची पंचरत्नं, म्हणजे पाच कीर्तनं, एका सुरात गातात. दूरदर्शनवर हा सोहळा महाराष्ट्रातही अनेकांनी पाहिला असेल. पाहणाऱ्याला वाटावं, इथे भांडण कधी फिरकलंच नसेल. खरं तर विसाव्या शतकाची पहिली चाळीस वर्षं ही जागा भांडणाचीच होती. त्यागराजांच्या एकाच समाधीवर तीन पक्षांच्या तीन आराधना, म्हणजे पुण्यतिथीचे उत्सव, होत. आजोबांच्या तोंडी त्या पक्षांची नावं सहज यायची: पेरिय कच्ची, चिन्न कच्ची आणि पेण कच्ची. थोरला पक्ष, धाकटा पक्ष आणि बायकांचा पक्ष.

आमचं घर तंजावरच्या मराठी लोकांतलं. आमची मराठी ऐकून पुण्यातले पाहुणे गालातल्या गालात हसतात, म्हणून हा मजकूर संपादकांकडून दुरुस्त करून घेतला आहे. माझी नोकरी बँकेत झाली. कावेरीच्या खोऱ्यातल्या शाखांमध्ये सोसायट्यांचे हिशेब तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. त्या कामानं एक खोड लावली. कुठल्याही संस्थेचे कागद समोर आले की मी आधी दोन याद्या शोधतो. पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ती एक, आणि ठरावावर हात वर करायचा हक्क कोणाला ती दुसरी. पहिली यादी अध्यक्ष स्वतःहून पुढे करतात. दुसरी मागावी लागते.

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडहून पुतण्यानं एक बातमी पाठवली. तो तिथल्या एका इस्पितळात नोकरीला आहे, मँचेस्टरच्या उत्तरेला बरी नावाच्या गावात राहतो. ‘काका, हे वाचा. पैसे देतो म्हणतात. घ्यावेत का?’ बातमी इंग्लिश फुटबॉलच्या फेररचनेची होती. मला फुटबॉल कळतं ते टीव्हीपुरतं. पण प्रश्न माझ्या धंद्यातला होता.

पुतण्या ‘घ्यावेत का’ असं घरचं काही असल्यासारखं का विचारत होता, ते कळायला बरीची हकीकत ऐकली पाहिजे. हे जुनं गिरणगाव. क्लब १८८५ चा, आणि १८९४ पासून फुटबॉल लीगचा सभासद. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरीनं डर्बी काउंटीला ६-० असं धुतलं. अंतिम सामन्यात एवढ्या फरकानं जिंकणं पुढे ११६ वर्षं कोणाला जमलं नाही. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याची बरोबरी केली. सिटीचं मैदान बरीहून मोटारीनं अर्ध्या तासावर. त्याच वसंतात बरीचा संघ चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढला होता, गावात जल्लोष झाला होता. मात्र खेळाडूंचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. क्लब काही महिन्यांपूर्वी एका पौंडाला विकला गेला होता. होय, एका पौंडाला, कारण विकत घेणारा कर्जच विकत घेत होता. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगनं बरीला काढून टाकलं. सव्वाशे वर्षांचं सभासदत्व एका संध्याकाळी संपलं. पुतण्याला तिथल्या सहकाऱ्यांनी गिग लेन मैदानावर नेऊन नेऊन फुटबॉलचं वेड लावलं होतं. त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, घरात कोणी गेलं.

आता व्यवस्था समजून घेऊ. इंग्लिश फुटबॉल ही उतरंड आहे. सर्वांत वर प्रीमियर लीग, तिच्यात २० क्लब. तिच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकीत २४, म्हणजे एकूण ७२ क्लब. या तिन्हींची मिळून संस्था इंग्लिश फुटबॉल लीग, ईएफएल. त्याखालीही लीगांच्या पायऱ्या आहेत, थेट गावच्या मैदानापर्यंत. हंगाम संपला की तळाचे संघ एक पायरी उतरतात, वरचे एक चढतात. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच असतो. इंग्लंडमध्ये शेवटचा आलेला संघ खाली जातो आणि त्याच्यासोबत त्याचं उत्पन्नही जातं.

फुटबॉल लीग स्थापन झाली १८८८ मध्ये, बारा क्लबांची. ॲस्टन व्हिला क्लबच्या विल्यम मॅक्ग्रेगर यांच्या पुढाकारानं. सुरुवातीपासून तिथे वाटून खाण्याची रीत होती. १९८३ पर्यंत तिकीटविक्रीतला वाटा पाहुण्या संघालाही मिळे. मोठ्या क्लबांनी ती पद्धत बंद पाडली, जमा यजमानाची झाली. दोन-तीन वर्षांनी वेगळी लीग काढण्याची धमकी देऊन त्यांनी टीव्हीच्या पैशातला निम्मा हिस्सा पहिल्या श्रेणीकडे वळवून घेतला आणि ठराव मंजूर व्हायला लागणारं बहुमतही स्वतःच्या सोयीचं करून घेतलं. तरी समाधान झालं नाही. १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीचे २२ क्लब लीगमधून बाहेरच पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग काढली. टीव्हीचा पहिला करार पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा होता. २०२५ पासूनच्या चार हंगामांचा फक्त ब्रिटनमधला करार ६७० कोटी पौंडांचा आहे. परदेशातलं उत्पन्न वेगळं. त्यात तिरुवैयारुत मी टीव्हीसाठी भरतो त्या वर्गणीचेही चार पैसे असतील.

एक गोष्ट मात्र त्या २२ जणांनी चांगली केली, तिचं श्रेय त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. आपसात वाटणी करताना त्यांनी बरीच समता राखली. देशातल्या टीव्ही-उत्पन्नाचा निम्मा भाग सर्वांना सारखा, पाव भाग गुणतक्त्यातल्या क्रमांकानुसार, पाव भाग सामने किती वेळा दाखवले त्यानुसार. परदेशातल्या उत्पन्नाचे २०१९ पर्यंत सरळ समान हिस्से होत. त्यानंतरच्या वाढीला क्रमांकाचा निकष लागला. मतदानही साधं. क्लबला एक मत, वीसपैकी चौदा मतं पडली की ठराव मंजूर. म्हणजे सात जण एकत्र आले तर कुठलाही ठराव अडवू शकतात. आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहम हे ‘सहा मोठे’ म्हणवतात. सहा. अडवायलासुद्धा एक मत कमी. ही गोष्ट त्यांना किती टोचत असेल, ते सोसायटीच्या निवडणुका पाहिलेल्याला सांगायला नको.

खालच्या ७२ जणांना वरून मदत मिळते, पण ती दोन तऱ्हांची. एक सर्वांना थोडीथोडी. दुसरी फक्त प्रीमियर लीगमधून नुकत्याच उतरलेल्यांना, भरघोस: पहिल्या वर्षी वरच्या समान हिश्शाच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. हिला पॅराशूट म्हणतात. उतरलेल्याचा कपाळमोक्ष होऊ नये हा हेतू. परिणाम असा की चॅम्पियनशिपमध्ये दोन-चार संघ कोट्यवधींची थैली घेऊन खेळतात, बाकीचे त्यांची बरोबरी करायला कर्ज काढतात. काही हंगामांत त्या श्रेणीच्या क्लबांचा निव्वळ पगारखर्च एकूण उत्पन्नाच्या वर गेला आहे. आमच्या बँकेत असं खातं आलं असतं तर त्यावर लाल शेरा पडला असता. इथे मात्र अशी ओळीनं खाती आहेत, कारण वर चढलो तर सगळं फिटेल अशी प्रत्येकाला आशा आहे.

मग कोविड आला, मैदानं रिकामी पडली. प्रीमियर लीगला टीव्हीचा आधार होता. खालचे क्लब प्रेक्षकांच्या तिकिटांवर जगणारे. त्यांचा श्वास कोंडला. ११ ऑक्टोबर २०२० ला ‘प्रोजेक्ट बिग पिक्चर’ नावाचा आराखडा फुटला. आखणारे लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडचे अमेरिकी मालक. आणि उघडपणे बाजू घेणारे ईएफएलचे अध्यक्ष रिक पॅरी, म्हणजे तेच गृहस्थ जे १९९२ मध्ये प्रीमियर लीगचे पहिले मुख्याधिकारी होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्यांनी तिजोरी वर नेली, तेच आता तिचा पाव हिस्सा खाली आणायला निघाले होते.

पैशाची बाजू मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. दोन्ही लीगांचं टीव्ही-उत्पन्न एकत्र करून २५ टक्के ईएफएलला, कायमचे. पॅराशूट बंद. कोविडची तातडीची मदत म्हणून २५ कोटी पौंड लगेच. राष्ट्रीय संघटनेला, म्हणजे एफएला, १० कोटी. बाहेरगावी सामना पाहायला जाणाऱ्याचं तिकीट २० पौंडांवर जाणार नाही अशी मर्यादा. प्रीमियर लीग वीसवरून अठरा संघांची, लीग कप आणि कम्युनिटी शील्ड या स्पर्धा बंद. शेवटच्या दोन कलमांवर वाद घालता आला असता. बाकीचं सगळं खालच्या क्लबांनी वर्षानुवर्षं मागितलेलं होतं.

मग दुसरी यादी. वीस समान मतं जाणार. महत्त्वाच्या बाबींत खास मताधिकार फक्त नऊ क्लबांना, जे प्रीमियर लीगमध्ये सलग सर्वांत जास्त काळ आहेत त्यांना: सहा मोठे, आणि त्यांच्यासोबत एव्हर्टन, साउदॅम्प्टन, वेस्ट हॅम. त्या नवांपैकी सहांनी हो म्हटलं की झालं. सहा! कागद बनवणाऱ्यानं हिशेब चोख केला होता. उरलेल्या तिघांना खुर्ची दिली होती, त्यांच्या होकाराची गरज ठेवली नव्हती. टीव्हीच्या कराराचे निर्णय, लीगचे नियम, इतकंच काय पण दुसऱ्या क्लबचा नवा मालक कोण असावा यावर नकाराधिकारसुद्धा या सहांच्या हाती जाणार होता. ज्याच्या पुढाकारानं १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तो ॲस्टन व्हिला नवांत नव्हता, कारण तो मधे उतरून परत आलेला. २०१६ मध्ये विजेतेपद मिळवून सगळ्या जगाला चकित करणारा लेस्टरही नव्हता.

पुतण्याला लिहिलं: पैशाचा कागद उत्तम आहे. मतांच्या कागदावर सही करू नका. ज्या सहा हातांनी आज २५ टक्के दिले, तेच सहा हात उद्या ते १५ करतील, आणि तुम्हाला हात वर करायलाही जागा नसेल.

त्याचं उत्तर सडेतोड होतं. ‘काका, उद्या क्लबच नसला तर मत घेऊन काय करू?’ खालच्या ७२ क्लबांपैकी अनेकांना नेमकं हेच वाटत होतं, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नव्हती.

इथे मला आमच्या गावची बाई आठवते.

त्यागराज १८४७ मध्ये गेले. तंजावरचे सरफोजीराजे त्यांना दरबारात बोलवत होते आणि त्यांनी नकार दिला, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत. आमचाच राजा, आणि त्याला नाही म्हणणारा संतही आमचाच. दोघांचाही अभिमान बाळगण्याची कसरत तंजावरचा मराठी माणूस दोनशे वर्षं करतो आहे. दारोदार भजन म्हणत भिक्षा मागणारा हा माणूस पैशाला शिवला नाही. त्याच्या मागे त्याच्या समाधीवर हिशेबाची भांडणं व्हावीत, याला काय म्हणावं.

समाधी बरीच वर्षं उपेक्षित होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिष्यपरंपरेतल्या मंडळींनी तिची डागडुजी केली आणि तिल्लैस्थानम्‌च्या नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर या दोघा भावांनी आराधनेचा उत्सव उभा केला. तिल्लैस्थानम् तिरुवैयारुला लागूनच आहे. थोड्याच वर्षांत भावाभावांत फाटलं. थोरल्याचा तो पेरिय कच्ची, धाकट्याचा तो चिन्न कच्ची. वर्गणी वेगळी, जेवणावळी वेगळ्या, गायकांच्या निष्ठा वेगळ्या. एका पक्षाचे पाच दिवस पंचमीला संपत, दुसऱ्याचे पंचमीला सुरू होत. दोन्ही पक्षांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर: समाधीसमोर बाईनं गायचं नाही.

बंगळूर नागरत्नम्मा ही देवदासी कुळातली गायिका, जन्म १८७८, मद्रासमध्ये नाव आणि पैसा दोन्ही कमावलेली. मोठी वाचणारी बाई. आमच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारातल्या मुद्दुपलनी या कवयित्रीचं तेलुगू काव्य तिनं १९१० मध्ये छापलं आणि इंग्रज सरकारनं ते अश्लील म्हणून जप्त केलं. १९२१ मध्ये तिच्या गुरूंचं, बिडारम कृष्णप्पांचं, पत्र तिला मिळालं: त्यागराजांची समाधी पाहवत नाही, काहीतरी कर. तिनं केलं. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना जे सुचलं नव्हतं ते तिनं स्वतःची कमाई ओतून केलं. जागा मिळवली, समाधीवर मंदिर बांधलं, मूर्ती घडवून घेतली. ऑक्टोबर १९२१ मध्ये पायाभरणी, जानेवारी १९२६ मध्ये कुंभाभिषेक.

आणि त्याच मंदिरात तिला गाऊ देईनात.

माझ्या दोन याद्यांत हे प्रकरण मांडून पाहा. जमाखर्चात नागरत्नम्मा पहिल्या ओळीत आहे, मतदारयादीत तिचं नाव नाही. इंग्लंडच्या आराखड्यात पैसा आणणारे सगळा अधिकार मागत होते. इथे पैसा आणणारीला काडीचा अधिकार नव्हता. पारडी दोन्हीकडे तिरकी, एक उजवीकडे, एक डावीकडे. म्हणून ‘ज्याचा पैसा त्याचा अधिकार’ किंवा ‘पैशाचा आणि अधिकाराचा संबंध नको’ असलं कुठलंही सुटसुटीत वाक्य मला पटत नाही. प्रत्येक वेळी कागद काढून पाहावं लागतं.

तिनं काय केलं ते मला विलक्षण वाटतं. पैसा काढून घेण्याची धमकी देऊन ती मद्रासला निघून गेली नाही. १९२७ च्या सुमारास तिनं तिसरा पक्ष काढला, बायकांचा. समोर गाऊ देत नाहीत, तर समाधीच्या मागच्या बाजूला बायकांनी गायचं, हरिकथा करायच्या. (हरिकथा तंजावरात आली ती आपल्या मराठी कीर्तनाचं बोट धरून, हे जाता जाता सांगितल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही.) अधिकाऱ्यांकडे अर्जांवर अर्ज केले. गायिका तिच्या पक्षाकडे येऊ लागल्या, ऐकणारेही येऊ लागले. शेवटी १९४०-४१ मध्ये मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्यासारखे गायक आणि एस. वाय. कृष्णस्वामी या आयसीएस अधिकाऱ्यानं मध्यस्थी केली, तिन्ही पक्ष एक झाले आणि एकच सभा झाली. पंचरत्नं सर्वांनी मिळून एका सुरात गायची ही आजची पद्धत त्या तडजोडीतूनच पक्की झाली. आज जगाला जी सनातन परंपरा वाटते, ती एका तहाचं कलम आहे. बायका एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. पण बसतात समोर आणि गातात एकत्र.

बाई तिथेही थांबली नाही. १९४९ मध्ये तिनं मृत्युपत्र केलं, मिळकत विश्वस्तांकडे दिली आणि स्त्रियांचा, देवदासींचासुद्धा, तिथे सेवा करण्याचा हक्क त्यात लिहून ठेवला. १९५२ मध्ये ती गेली. तिची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. हक्क मिळाल्यावर तो कागदावर आणणारी माणसं मी नोकरीत फार थोडी पाहिली.

इंग्लंडमध्ये बिग पिक्चर तीन दिवस टिकलं. १४ ऑक्टोबरला वीस क्लबांनी ते एकमुखानं बाजूला ठेवलं. ज्यांनी आखलं त्यांनीही बैठकीत मान डोलावली. सरकार नाराज होतं, चाहत्यांच्या संघटना २० पौंडांच्या तिकिटाला भुलल्या नाहीत. पण मतांच्या कागदाबरोबर पैशाचा कागदही केराच्या टोपलीत गेला, आणि ही गोष्ट वीसांतल्या बाकीच्या चौदांना फारशी खटकली नाही. त्याच दिवशी त्यांनी खालच्या दोन श्रेणींपुढे ५ कोटी पौंड ठेवले. डिसेंबरात मदतीचा आकडा वाढला, तरी त्यातला मोठा भाग चॅम्पियनशिपसाठी कर्जाचा होता. मोठ्यांची मक्तेदारी नको म्हणून गळा काढणारे मधले क्लब खालच्यांना पाव हिस्सा द्यायलाही तयार नव्हते. खलनायक सहाच होते असं मानणाऱ्यांनी हा कागदही वाचावा.

सहा महिन्यांनी, १८ एप्रिल २०२१ ला, याच सहा क्लबांनी युरोपातल्या आणखी सहांबरोबर सुपर लीग जाहीर केली. तिच्यात संस्थापक क्लब कधी उतरणारच नव्हते. लोक रस्त्यावर आले, दोन दिवसांत इंग्लिश क्लबांनी अंग काढून घेतलं. मग सरकार हललं. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या समितीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला: फुटबॉलला स्वतंत्र नियामक हवा. निवडणुका, बदललेलं सरकार, पुन्हा मांडलेलं विधेयक असं करत २१ जुलै २०२५ ला कायदा झाला. त्यानुसार वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांना परवाना घ्यावा लागणार. मालकाची पत तपासली जाते. मैदान विकायचं तर परवानगी लागते. क्लबच्या निशाणीला किंवा रंगाला हात लावायचा तर चाहत्यांना विचारावं लागतं. आणि प्रीमियर लीग व ईएफएल यांचं वाटणीवर जमलं नाही तर नियामक मधे पडून निकाल देऊ शकतो, पॅराशूटचा विचार धरून. वरिष्ठ सभागृहात सर्वांत कडाडून विरोध करणाऱ्यांत वेस्ट हॅमच्या तेव्हाच्या उपाध्यक्ष कॅरेन ब्रेडी होत्या. कायदा झाला त्या दिवशीही दोन्ही लीगांमधला पैशाचा करार झालेला नव्हता.

बरीचं काय झालं ते पुतण्याच्या पत्रांतून कळत गेलं, आणि मला हसू येत राहिलं. क्लब गेल्यावर चाहत्यांचे दोन पक्ष पडले. एकांनी नवा क्लब काढून दुसऱ्या गावच्या मैदानावर खेळायला सुरुवात केली, दुसऱ्यांनी सरकारी मदत मिळवून गिग लेन परत विकत घेतलं. एकाकडे संघ, एकाकडे मैदान. ‘आमच्याकडे पेरिय कच्ची आणि चिन्न कच्ची झालीय’, असं तो लिही. २०२२ मध्ये एकत्र येण्यावर दोन्हीकडे मतदान झालं. एका बाजूला होकार दोन-तृतीयांशाला थोडा कमी पडला आणि सगळं फिसकटलं. २०२३ मध्ये पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा जमलं. आता बरी खालच्या पायऱ्यांवर, जुन्या नावानं, जुन्या मैदानावर खेळते. वर्गणी कितीही असो, सभासदाला एकच मत.

मराठी वाचकाला हे सगळं साता समुद्रापलीकडचं वाटत असेल तर त्यानं गोव्याकडे पाहावं. २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षं देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगचं, आय-लीगचं, विजेतेपद गोव्यात होतं: देंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं पुढच्या पंधरा वर्षांचे व्यावसायिक हक्क ७०० कोटी रुपयांना देऊन टाकले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग जन्मली, फ्रँचायझींची, उतरण नसलेली. २०१६ मध्ये महासंघानं नवा आराखडा मांडला: सुपर लीग अव्वल, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायची वाट नाही. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि देंपो यांनी आय-लीगच सोडली. सुपर लीगकडे गर्दी होती, झगमगाट होता, खेळाडूंना बरे पगार मिळाले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गोव्याच्या तीन क्लबांच्या हातात बाहेर पडण्याखेरीज दुसरं काही नव्हतं. महासंघाच्या सर्वसाधारण सभेत मतं होती ती राज्य संघटनांची, क्लबांचं मत नव्हतंच. पुढे २०२२-२३ पासून वर चढायची वाट उघडली आणि पंजाबचा क्लब त्या वाटेनं गेला. तोवर पुण्यातले व्यावसायिक क्लब एकामागून एक बंद पडले होते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २०१० मध्येच गेला होता.

तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. नूतनीकरण अडलं होतं, कारण महासंघाची घटना सर्वोच्च न्यायालयात होती. जुलै २०२५ मध्ये सुपर लीगच्या आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवून ठेवला. सप्टेंबरात न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांनी तयार केलेली घटना काही बदलांसह मान्य केली. तीत माजी खेळाडूंना, त्यांत स्त्री खेळाडूंनाही, सर्वसाधारण सभेत स्थान आणि मत आहे. तिरुवैयारुच्या बाईला हे वाचून बरं वाटलं असतं. अव्वल लीग महासंघाची आणि बढती-उतरण असलेली हवी, हेही आलं. म्हणजे दुसरी यादी पहिल्यांदाच नीट लिहिली गेली.

मग महासंघानं पहिल्या यादीसाठी निविदा काढली: या नव्या घटनेखाली लीगचे व्यावसायिक हक्क कोण घेतो? जुन्या व्यवस्थेत पैसा देणारा लीगही चालवत होता. नव्यात पैसा त्यानं द्यायचा आणि लीगचा धनी महासंघच. निविदेची मुदत ७ नोव्हेंबर २०२५ ला संपली. एकही बोली आली नाही.